ओरॅकलमध्ये रेप्लिकेशनसाठी आर्काइव्ह लॉग: कोणती पायरी आधी, कोणती नंतर

ओरॅकल डेटाबेसचे रीडू लॉग (प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या फाइल) वाचून दुसऱ्या ठिकाणी डेटा पोहोचवायचा असेल, म्हणजेच रेप्लिकेशन करायचं असेल, तर भरलेल्या लॉगची प्रत राखणारा आर्काइव्हलॉग मोड चालू करावा लागतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यासाठीची कमांड एका ओळीची आहे, म्हणून बरेच जण ती ओळ चालवून थेट रेप्लिकेशनच्या टूलकडे वळतात. मग काही दिवसांत तीनपैकी एक गोष्ट घडते: जागा भरून डेटाबेस थांबतो, टारगेटवर (डेटा जिथे पोहोचवायचा तिथे) अपडेट लागू होत नाहीत, किंवा कॅप्चरला (लॉग वाचणाऱ्या प्रक्रियेला) हवी असलेली लॉग फाइल बॅकअपच्या स्क्रिप्टने आधीच उडवलेली असते.

तिन्हींचं मूळ क्रमात आहे. लॉग साठवायला जागा हवी, लॉगमध्ये पुरेशी माहिती हवी आणि कॅप्चरने वाचून होईपर्यंत तो जागेवर राहायला हवा. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. कमांड आणि पॅरामीटरची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

## टप्पा १: आज काय स्थिती आहे ते लिहून ठेवा

व्ही$डेटाबेस या व्ह्यूमधून चार गोष्टी काढा: लॉग_मोड, फोर्स_लॉगिंग, सप्लिमेंटल_लॉग_डेटा_मिन आणि सीडीबी (डेटाबेस मल्टिटेनंट आहे का, म्हणजे एका कंटेनरमध्ये अनेक प्लगेबल डेटाबेस अशी रचना आहे का). एसक्यूएल प्लसमध्ये ‘आर्काइव्ह लॉग लिस्ट’ चालवलं की मोड, ठिकाण आणि चालू सीक्वेन्स नंबर एकत्र दिसतात.

त्यानंतर ‘शो पॅरामीटर एसपीफाइल’ बघा. उत्तर रिकामं आलं, तर डेटाबेस साध्या पीफाइलवर, म्हणजे हाताने बदलायच्या पॅरामीटर फाइलवर, चालू आहे. अशा वेळी चालू डेटाबेसमध्ये बदललेले पॅरामीटर पुढच्या रीस्टार्टला नाहीसे होतात, आणि आपल्याला तर टप्पा ४ मध्ये रीस्टार्टच करायचा आहे. आधी एसपीफाइल (ओरॅकल स्वतः बदल लिहून ठेवतो ती पॅरामीटर फाइल) तयार करा.

हा डेटाबेस आणखी कोण वापरतं, तेही याच वेळी विचारून घ्या. रात्रीचा बॅकअप कोणती स्क्रिप्ट घेते? आर्काइव्ह लॉग कोण डिलीट करतं? स्टँडबाय (अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेली डेटाबेसची दुसरी प्रत) आहे का? टप्पा ७ सगळा या उत्तरांवर उभा आहे.

## टप्पा २: जागेचा हिशोब

घाई इथेच सर्वात जास्त होते आणि सर्वात महाग पडते. आर्काइव्हलॉग मोडमध्ये भरलेला रीडू लॉग आर्काइव्ह झाल्याशिवाय ओरॅकल त्यावर पुन्हा लिहीत नाही. आर्काइव्हला जागा उरली नाही की एकेक करून सगळे रीडू ग्रुप अडकतात आणि डेटा बदलणारं प्रत्येक सेशन लटकतं. हा दोष नव्हे, ओरॅकलने तुमचा डेटा जपण्यासाठी घेतलेला पवित्रा आहे. पण तो कामाच्या वेळेत अनुभवायला लागू नये.

दिवसाला किती रीडू तयार होतो? आर्काइव्हिंग आधीपासून चालू असेल तर व्ही$आर्काइव्ह्ड_लॉगमधल्या ब्लॉक्स आणि ब्लॉक_साइझ यांचा गुणाकार करून तारखेनुसार बेरीज घ्या. एकापेक्षा जास्त ठिकाणी आर्काइव्ह होत असेल तर प्रत्येक प्रतीची वेगळी नोंद असते, त्यामुळे एकच डेस्ट_आयडी निवडा, नाहीतर आकडा दुप्पट येईल. आर्काइव्हिंग बंद असेल तर व्ही$लॉग_हिस्टरीमधून रोजचे लॉग स्विच मोजा आणि त्यांना रीडू लॉगच्या आकाराने गुणा. प्रत्येक लॉग पूर्ण भरलेला नसतो, म्हणून हा अंदाज थोडा जास्त येतो. आपल्याला ते चालेल.

सरासरी घेऊ नका, सर्वात वाईट दिवस घ्या. महिनाअखेरीचा बॅच किंवा वर्षअखेरीचं क्लोजिंग सरासरीत दिसतच नाही.

कॅप्चर किती काळ बंद राहू शकतो? समजा शुक्रवारी संध्याकाळी तो बंद पडला आणि सोमवारी सकाळी कोणाच्या लक्षात आलं. ते जवळजवळ तीन दिवस. तुमच्याकडे चोवीस तास देखरेख नसेल, तर यापेक्षा कमी धरू नका.

सर्वात लांब ट्रान्झॅक्शन किती वेळ उघडं असतं? हा प्रश्न बहुतेक जण विसरतात. कॅप्चर रीस्टार्ट झाला की तो शेवटी वाचलेल्या जागेपासूनच पुढे जातो असं नाही. उघड्या ट्रान्झॅक्शनपैकी सर्वात जुनं जिथे सुरू झालं, तिथपर्यंत त्याला मागे जावं लागू शकतं. सकाळी कोणी एक रेकॉर्ड अपडेट केला आणि कमिट न करता सेशन तसंच सोडलं, तर संध्याकाळीही सकाळचा लॉग लागतो.

आता बेरीज. सर्वात वाईट दिवशी १२० जीबी रीडू तयार होत असेल आणि तीन दिवस धरले, तर ३६० जीबी झाले. लांब ट्रान्झॅक्शनसाठी अर्धा दिवस धरा, म्हणजे ४२०. सप्लिमेंटल लॉगिंगमुळे (ते टप्पा ५ मध्ये येतं) रीडू वाढेल, त्याची वेगळी मोकळीक ठेवा. बॅकअपही त्याच जागेत येत असतील तर त्यांचा आकार याच्या वर.

> तपासा: आलेला आकडा कागदावर आहे का? डिस्कवर तेवढी जागा आज खरोखर मोकळी आहे का? नसेल तर इथेच थांबा. ‘नंतर वाढवू’ म्हणून पुढे गेलात, तर जागा पहिल्याच मोठ्या बॅचला भरेल.

## टप्पा ३: जागा नेमून द्या

फास्ट रिकव्हरी एरिया (आर्काइव्ह लॉग आणि बॅकअपसाठी ओरॅकल स्वतः सांभाळतो ती जागा) वापरायचा असेल तर दोन पॅरामीटर लागतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी डीबी_रिकव्हरी_फाइल_डेस्ट_साइझ, मग डीबी_रिकव्हरी_फाइल_डेस्ट. उलट केलंत तर ओआरए-१९८०२ येतो. दोन्हींना स्कोप ‘बोथ’ द्या.

साइझचा हा आकडा म्हणजे ओरॅकलने स्वतःसाठी मांडलेली मर्यादा आहे. प्रत्यक्ष डिस्क केवढी आहे याच्याशी ओरॅकल तो जुळवून पाहत नाही. ३०० जीबीच्या डिस्कवर ५०० जीबीची मर्यादा दिलीत तरी कमांड मुकाट्याने चालते आणि डिस्क आधी भरते. मर्यादा डिस्कपेक्षा थोडी कमी ठेवा.

रिकव्हरी एरियाबाहेर साधी डिरेक्टरी हवी असेल, तर लॉग_आर्काइव्ह_डेस्ट_१ मध्ये ‘लोकेशन=’ देऊन मार्ग लिहा. ती डिरेक्टरी ओरॅकलच्या ओएस युजरच्या मालकीची असली पाहिजे. फाइलच्या नावाचा साचा लॉग_आर्काइव्ह_फॉरमॅटमधून येतो. त्यात थ्रेड, सीक्वेन्स आणि रीसेटलॉग्ज आयडी हे तिन्ही घटक हवेतच. रिकव्हरी एरियात हा साचा लागू होत नाही, तिथे ओरॅकल स्वतःची नावं देतो. कॅप्चर टूल नावावरून फाइल शोधणारं असेल तर हे आधीच तपासा.

रॅक (एकच डेटाबेस अनेक सर्व्हरवरून चालवण्याची रचना) असेल तर ठिकाण सर्व नोडना दिसणारं, सामायिक असलं पाहिजे. प्रत्येक इन्स्टन्सचा रीडू थ्रेड वेगळा असतो आणि कॅप्चरला सगळे थ्रेड लागतात.

## टप्पा ४: मोड बदला

डेटाबेस बंद करावा लागणार, त्यामुळे वेळ ठरवून घ्या. ॲप्लिकेशन थांबवा, व्ही$ट्रान्झॅक्शन रिकामं झालं का ते बघा आणि मग याच क्रमाने पुढे जा:

१. शटडाउन इमिजिएट
२. स्टार्टअप माउंट
३. आल्टर डेटाबेस आर्काइव्हलॉग
४. आल्टर डेटाबेस ओपन

> सावधान: बंद व्हायला वेळ लागतोय म्हणून ‘शटडाउन ॲबॉर्ट’ करू नका. तसं करून माउंट केल्यावर मोड बदलायला गेलात, तर ओआरए-००२६५ येतो: आधी इन्स्टन्स रिकव्हरी हवी. मग डेटाबेस एकदा उघडून, पुन्हा नीट बंद करून, परत माउंट करावा लागतो. वाचवलेला वेळ दुपटीने जातो.

रॅकमध्ये सगळे इन्स्टन्स बंद करून एकच माउंट करा, मोड बदला आणि मग सगळे सुरू करा. मल्टिटेनंट डेटाबेसमध्ये हा मोड पूर्ण कंटेनर डेटाबेसला लागतो, एकाच प्लगेबलसाठी तो देता येत नाही. शिवाय कंटेनर उघडल्यावर आतले प्लगेबल डेटाबेस, त्यांची स्थिती आधी सेव्ह केलेली नसेल तर, माउंट अवस्थेतच राहतात. ‘डेटाबेस चालू आहे पण ॲप्लिकेशन जोडलं जात नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच कारण असतं. ‘आल्टर प्लगेबल डेटाबेस ऑल ओपन’ चालवा.

> तपासा: ‘आल्टर सिस्टिम आर्काइव्ह लॉग करंट’ द्या. ‘स्विच लॉगफाइल’ इथे पुरेसं नाही, कारण ते आर्काइव्ह पूर्ण होण्याची वाट न बघता परत येतं. मग व्ही$आर्काइव्ह्ड_लॉगमध्ये नवी ओळ आली का, व्ही$आर्काइव्ह_डेस्टमध्ये स्टेटस ‘व्हॅलिड’ आणि एरर रिकामा आहे का, आणि फाइल डिस्कवर प्रत्यक्ष दिसते का, या तिन्ही गोष्टी बघा.

लगेच पूर्ण बॅकअप घ्या. नोआर्काइव्हलॉग मोडमध्ये घेतलेल्या जुन्या बॅकअपवर आताचे आर्काइव्ह लॉग चढवता येत नाहीत, म्हणजे नवा बॅकअप होईपर्यंत तुमचा डेटाबेस उघड्यावर आहे.

## टप्पा ५: लॉगमध्ये पुरेशी माहिती येऊ द्या

आर्काइव्हिंग चालू झालं तरी लॉग रेप्लिकेशनच्या कामाचा झालेला नाही. रीडू लॉग मुळात त्याच डेटाबेसच्या रिकव्हरीसाठी लिहिला जातो. एखादी ओळ अपडेट झाली की त्यात बदललेले कॉलम आणि ओळीचा रोआयडी (त्या डेटाबेसमधला तिचा अंतर्गत पत्ता) एवढंच येतं. सोर्सवर ते पुरतं. टारगेटवर त्या रोआयडीला काहीच अर्थ नाही, मग ओळ शोधणार कशी? प्रायमरी कीची किंमतही प्रत्येक बदलासोबत लिहिली गेली पाहिजे. हेच सप्लिमेंटल लॉगिंग.

आधी किमान पातळी. ‘आल्टर डेटाबेस ॲड सप्लिमेंटल लॉग डेटा’. मल्टिटेनंटमध्ये ही कमांड रूट कंटेनरमध्ये द्यायची. डेटाबेस उघडा असताना ती चालू ट्रान्झॅक्शन संपण्याची वाट बघते, त्यामुळे कोणाचं विसरलेलं सेशन असेल तर कमांड लटकल्यासारखी वाटेल. ती तोडू नका, ते ट्रान्झॅक्शन शोधा. शिवाय कमांड झाल्यावर कॅशमधले डीएमएल कर्सर रद्द होऊन पुन्हा पार्स होतात. गर्दीच्या वेळेत हे काम नको, त्यामागे हेही एक कारण.

मग कीची पातळी. इथे दोन वाटा आहेत. पूर्ण डेटाबेससाठी प्रायमरी की कॉलम चालू करा, किंवा हव्या त्या टेबलांनाच ‘आल्टर टेबल ... ॲड सप्लिमेंटल लॉग डेटा (प्रायमरी की) कॉलम्स’ द्या. दुसऱ्या वाटेने रीडू कमी वाढतो, म्हणून मोठ्या डेटाबेसवर मी तीच सुचवेन. पण तिची एक अट आहे: उद्या तयार झालेल्या टेबलावर हे आपोआप लागत नाही आणि टेबल ड्रॉप करून पुन्हा बनवलं तर आधीचंही जातं. नव्या टेबलांच्या रिलीज चेकलिस्टमध्ये ही ओळ हवीच. गोल्डनगेट (ओरॅकलचं स्वतःचं रेप्लिकेशन टूल) वापरत असाल तर टेबल पातळीचं काम त्याच्या ‘ॲड ट्रानडेटा’ किंवा ‘ॲड स्कीमाट्रानडेटा’ने करा आणि एनेबल_गोल्डनगेट_रेप्लिकेशन पॅरामीटर ‘ट्रू’ ठेवा.

प्रायमरी की नसलेली टेबलं आधीच वेगळी काढा. तिथे ओळ ओळखायला सगळे कॉलम लिहावे लागतात. शंभर कॉलमच्या टेबलात एक फ्लॅग बदलला तरी शंभरही कॉलम लॉगमध्ये जातात आणि टप्पा २ चा हिशोब कोलमडतो. त्यातही लॉब (मोठा मजकूर किंवा फाइल ठेवणारे) कॉलम येत नाहीत, आणि दोन ओळी तंतोतंत सारख्या असतील तर कोणती बदलायची हे टारगेटला कळत नाही. शक्य असेल तिथे त्या टेबलाला की द्या. हाच पक्का उपाय.

फोर्स लॉगिंग. नोलॉगिंग टेबलवर ‘अपेंड’ हिंट लावून टाकलेला डेटा रीडूमध्ये येतच नाही. तो टारगेटवर पोहोचत नाही आणि कुठे एररही दिसत नाही, म्हणून ही चूक महिनोन्महिने दडून राहते. ‘आल्टर डेटाबेस फोर्स लॉगिंग’ दिलं की नोलॉगिंगकडे दुर्लक्ष होतं. रात्रीचे मोठे लोड थोडे मंदावतील, त्या टीमला आधी सांगून ठेवा.

> तपासा: व्ही$डेटाबेसमध्ये फोर्स_लॉगिंग आणि सप्लिमेंटल_लॉग_डेटा_मिन दोन्ही ‘येस’ आहेत का? डीबीए_लॉग_ग्रुप्समध्ये यादीतलं प्रत्येक टेबल दिसतं का? (पूर्ण डेटाबेसची वाट घेतली असेल तर व्ही$डेटाबेसमधला सप्लिमेंटल_लॉग_डेटा_पीके बघा.) आणि दोन दिवसांनी रीडूचा रोजचा आकडा पुन्हा काढून टप्पा २ शी ताडून बघा.

## टप्पा ६: रीडू लॉगचा आकार

लॉग फार लहान असतील तर दर मिनिटाला स्विच होतात आणि आर्काइव्हर मागे पडतो. अलर्ट लॉगमध्ये ‘कॅनॉट ॲलोकेट न्यू लॉग’ वारंवार दिसत असेल तर आकार वाढवा. साधारण वीस मिनिटांनी एक स्विच हे चांगलं माप. असलेल्या रीडू लॉगचा आकार बदलता येत नाही. मोठ्या आकाराचे नवे ग्रुप जोडायचे, स्विच करत राहायचं आणि जुना ग्रुप ‘इनॲक्टिव्ह’ झाला व आर्काइव्ह झालेला दिसला की मगच तो ड्रॉप करायचा.

कॅप्चर फक्त आर्काइव्ह झालेलेच लॉग वाचत असेल, तर रात्री व्यवहार कमी असताना डेटा तासन्‌तास अडकतो. त्यासाठी आर्काइव्ह_लॅग_टारगेट आहे. त्यात सेकंद द्यायचे: ६० ते ७२००. शून्य म्हणजे बंद, आणि मूळ सेटिंग तेच असतं.

## टप्पा ७: डिलीट कधी करायचं, हे कॅप्चर ठरवेल

सर्वात जास्त रेप्लिकेशन इथे तुटतात. नेहमीची बॅकअप स्क्रिप्ट अशी असते: ‘बॅकअप आर्काइव्हलॉग ऑल डिलीट इनपुट’. बॅकअप झाला, फाइल उडाली. बॅकअपच्या दृष्टीने बरोबर. पण कॅप्चर दोन तास मागे असेल तर त्याच्या पुढ्यातलीच फाइल गेली.

स्क्रिप्टचे दोन भाग करा. बॅकअप रोज किंवा दर तासाला घ्या, डिलीट वेगळं ठेवा: बॅकअप झालेली आणि टप्पा २ मध्ये ठरवलेल्या मुदतीपेक्षा जुनी फाइलच काढायची. आरमॅनमध्ये (ओरॅकलच्या बॅकअप टूलमध्ये) ‘डिलीट आर्काइव्हलॉग’ला ‘अनटिल टाइम’ आणि ‘बॅक्ड अप १ टाइम्स’ या दोन्ही अटी एकत्र देता येतात.

एवढ्याने काम भागत नाही. रिकव्हरी एरियात जागा कमी पडली की डिलीट करण्याजोग्या ठरलेल्या फाइल ओरॅकल स्वतःच काढतो, आणि एकदा बॅकअप झालेला लॉग त्या यादीत येऊ शकतो. तुमच्या स्क्रिप्टची मुदत तो बघत नाही. ‘अप्लाइड ऑन ऑल स्टँडबाय’ हे धोरण लावलं की आपण सुरक्षित, असं अनेकांना वाटतं. ते डेटा गार्डच्या स्टँडबायपुरतं आहे. बाहेरचं कॅप्चर टूल कुठवर पोहोचलं, हे आरमॅनला कळायला मार्गच नाही.

म्हणून बाहेरच्या टूलसाठी मी एकच रचना सुचवतो: लॉग_आर्काइव्ह_डेस्ट_२ मध्ये रिकव्हरी एरियाबाहेरची वेगळी डिरेक्टरी द्या आणि कॅप्चरला तिथूनच वाचू द्या. हे ठिकाण ‘ऑप्शनल’ ठेवा, म्हणजे ते भरलं तरी पहिल्या ठिकाणी (ते लॉग_आर्काइव्ह_डेस्ट_१ मध्ये स्पष्ट दिलेलं असेल तर) आर्काइव्ह होत राहील आणि डेटाबेस थांबणार नाही. मात्र त्या काळातले लॉग दुसऱ्या ठिकाणी नसतील, तेव्हा तिथल्या जागेवरही अलर्ट लावा. आणि स्क्रिप्टमध्ये कुठे ‘डिलीट ऑल इनपुट’ आहे का ते शोधा. त्या एका ‘ऑल’मुळे सगळ्या ठिकाणच्या प्रती जातात.

गोल्डनगेटचा इंटिग्रेटेड एक्स्ट्रॅक्ट (त्याची कॅप्चर प्रक्रिया) डेटाबेसमध्ये नोंदलेला असतो, त्यामुळे आरमॅन त्याला लागणारे लॉग राखतो आणि आरमॅन-०८१३७ असा इशारा देतो. तो इशारा आला म्हणून ‘फोर्स’ लावून डिलीट करू नका. आधी एक्स्ट्रॅक्ट का मागे आहे ते बघा. उलट प्रकारही होतो: चाचणीसाठी नोंदलेला जुना एक्स्ट्रॅक्ट कोणी काढलेला नसतो आणि त्याच्यासाठी लॉग साठत जातात. डीबीए_कॅप्चरमध्ये नको असलेली नोंद आढळली तर ती रीतसर अनरजिस्टर करा.

> सावधान: आर्काइव्ह फाइल ओएसच्या कमांडने कधीही डिलीट करू नका. डिस्क मोकळी होते, पण ओरॅकलच्या हिशोबात रिकव्हरी एरिया भरलेलाच राहतो. कोणी केलंच असेल तर आरमॅनमध्ये ‘क्रॉसचेक आर्काइव्हलॉग ऑल’ आणि मग ‘डिलीट एक्स्पायर्ड आर्काइव्हलॉग ऑल’ चालवा.

## टप्पा ८: पहिली कॉपी आणि कॅप्चरची सुरुवात

सप्लिमेंटल लॉगिंग मागच्या तारखेने लागू होत नाही. टप्पा ५ च्या आधीचे लॉग अपुरेच राहतात, म्हणून सुरुवातीचा बिंदू त्यानंतरचाच हवा.

व्ही$डेटाबेसमधून करंट_एससीएन (बदलांचा क्रम दाखवणारा ओरॅकलचा चालू क्रमांक) घ्या आणि त्याच क्षणी व्ही$ट्रान्झॅक्शनमध्ये कोणती ट्रान्झॅक्शन उघडी आहेत ते बघा. ती संपेपर्यंत थांबून नवा एससीएन घेणं सर्वात सरळ. थांबणं शक्य नसेल, तर कॅप्चरला सर्वात जुन्या ट्रान्झॅक्शनच्या स्टार्ट_एससीएनच्या आधीपासून वाचायला लावा आणि लागू करणं मात्र कॉपीच्या एससीएननंतर कमिट झालेल्या बदलांपासून करा. हे न केल्यास कॉपीत नसलेला आणि कॅप्चरलाही अर्धवट दिसलेला असा डेटा मधल्या मध्ये हरवतो.

कॉपी डेटा पंपने (ओरॅकलच्या एक्स्पोर्ट टूलने) ‘फ्लॅशबॅक_एससीएन’ देऊन घ्या. मोठ्या टेबलांना वेळ लागतो आणि अनडू (बदलाआधीचा जुना डेटा ठेवण्याची जागा) कमी पडला तर ओआरए-०१५५५ येऊन एक्स्पोर्ट तुटतो, त्यामुळे अनडूची मुदत आणि जागा आधी वाढवा. कॉपी चालू असेपर्यंतचे सगळे लॉगही जागेवर लागतात. कॉपीला दोन दिवस लागणार असतील तर टप्पा २ च्या बेरजेत तेही धरा.

## टप्पा ९: मुद्दाम बिघडवून बघा

एक इन्सर्ट टारगेटवर पोहोचला म्हणजे काम झालं, असं समजू नका. इन्सर्टमध्ये सगळे कॉलम येतातच, त्यामुळे सप्लिमेंटल लॉगिंग नसतानाही तो नीट जातो. खरी परीक्षा अपडेटची: की नसलेला एकच कॉलम बदला आणि टारगेटवर तीच ओळ बदलली का बघा. मग डिलीट करून बघा.

यानंतर कॅप्चर थांबवा, एक ट्रान्झॅक्शन उघडं ठेवा, काही वेळा ‘आर्काइव्ह लॉग करंट’ द्या आणि रात्रीची बॅकअप व डिलीटची स्क्रिप्ट या काळात एकदा तरी चालू द्या. दुसऱ्या दिवशी ट्रान्झॅक्शन कमिट करून कॅप्चर सुरू करा. तो कुठलीही फाइल न मागता पुढे गेला, तर टप्पा ७ जमला.

## जागा भरलीच तर

ॲप्लिकेशनमध्ये ओआरए-००२५७ दिसू लागला की सिसडीबीए म्हणून जोडा आणि व्ही$रिकव्हरी_फाइल_डेस्ट व व्ही$आर्काइव्ह_डेस्ट बघा. डिस्कवर जागा असेल तर डीबी_रिकव्हरी_फाइल_डेस्ट_साइझ वाढवा. हे रीस्टार्टशिवाय लगेच लागू होतं आणि अडकलेली सेशन पुढे सरकतात. डिस्कच भरली असेल तर लॉगचा बॅकअप दुसरीकडे घ्या आणि कॅप्चरने मागे टाकलेले जुने लॉगच आरमॅनमधून काढा.

कॅप्चरला हवा असलेला लॉग या गडबडीत गेला, तर लगेच पूर्ण कॉपी पुन्हा करायला घेऊ नका. बॅकअपमध्ये तो असेल तर ‘रिस्टोअर आर्काइव्हलॉग’ला सीक्वेन्सची मर्यादा देऊन परत आणता येतो आणि कॅप्चर तिथून पुढे चालतो. कॉपी नव्याने करायची वेळ येते ती लॉगची प्रत कुठेच उरली नसेल तेव्हा, किंवा कोणी मोठ्या लोडसाठी डेटाबेस तात्पुरता नोआर्काइव्हलॉगमध्ये नेला असेल तेव्हा. त्या काळात कॅप्चरने वाचण्याआधीच रीडूवर पुन्हा लिहिलं गेलं असेल, तर तेवढा रीडू जगात कुठेच नसतो. म्हणून मोड बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो वापरण्याआधी रेप्लिकेशन टीमला कोण कळवणार, हे आजच लेखी ठरवून घ्या.